पेरूची राखण

दिवाळी सरून थंडी पडू लागली की आमच्या राहात्याच्या घरामागची दोन्ही पेरूची झाडे पिकू लागतात. त्याच सुमारास रोज सकाळी साडेसहाच्या आसपास राघूंचा थवा येतो. आधी त्यांचा कर्कश कलकलाट ऐकू येतो, मग आभाळातून एक हिरवी रेघ खाली उतरते आणि झाडात शिरताच पानांत मिसळून दिसेनाशी होते. पक्षी आहेत हे नंतर कळते ते आवाजावरूनच. अर्धा खाल्लेला पेरू धप्पकन आळ्यात पडतो, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.

या पक्ष्याचे रूप कुणालाही मोहात पाडील असे आहे. पोपटी अंग, लालबुंद बाकदार चोच, लांब निमुळती शेपटी आणि प्रौढ नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ. हा कंठ उमटायला सुमारे तीन वर्षे लागतात. एका पायाने फांदी धरून दुसऱ्या पायात पेरू घेऊन तो खाऊ लागला की एखादे शहाणे मूल जेवायला बसले आहे असे वाटते. मात्र हे मूल ताटातले सगळे संपवीत नाही. चार घास घेऊन फळ टाकते आणि पुढच्या फळाकडे वळते. झाडाखाली सडा पडतो तो यामुळेच.

आमचा तालुका पेरूचा. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी या भागाला लाभले आणि पेरूच्या बागा उभ्या राहिल्या. आमची दोन झाडे ‘सरदार’ जातीची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर ती स्वतःच्या हाताने लावली. निवृत्त मराठी शिक्षक, वय आता ऐंशीच्या घरात. मूळ गाव पारनेर तालुक्यातले, जिराईत. विहिरीचे पाणी माघातच तळाला जाणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला दारातल्या फळझाडाचे काय अप्रूप असते, ते आम्हां कालव्याकाठच्या माणसांना चटकन उमगत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तात्यांना पक्षाघाताचा झटका आला. उपचार वेळेवर मिळाले, जीव वाचला, बोलणेही थोडे अडखळत का होईना परतले. उजवा पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात मागे राहिला. ज्या हाताने चाळीस वर्षे फळ्यावर अक्षर काढले, त्याला शर्टाची गुंडी लागेना. एकदा ते मला म्हणाले, “सूनबाई, पक्ष म्हणजे बाजू आणि पक्ष म्हणजे पंखही. ज्याने हे नाव ठेवले त्याला दोन्ही ठाऊक असणार.” त्यानंतर बराच वेळ ते गप्प बसले.

त्याच हिवाळ्यात राघू आले. तात्यांनी अंथरुणाशेजारी एक पत्र्याचा डबा आणि लाकडी दांडकी ठेवली होती. कलकलाट ऐकू आला की ते डावीने डबा वाजवीत. खोलीतून तो आवाज झाडापर्यंत पोहोचत नसे. उठायचे ते घरातले आम्ही. माझे यजमान म्हणत, “तात्या, खाऊ द्या हो पाखरांना. बाजारात पेरूला काय तोटा आहे?” मीही तेच म्हणत असे. आज मागे वळून पाहताना वाटते, ती उदारता आम्ही परभारे करीत होतो. झाडे त्यांची होती. झटक्यानंतर हात, चालणे, सायकल, वाचनालयाची फेरी असे बरेच काही एकामागून एक त्यांच्या हातून निसटले होते. उरलेल्यांपैकी एक वस्तू रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत कुरतडली जात होती, आणि आम्ही त्यांना “जाऊ द्या” म्हणून सांगत होतो. त्यांच्या रागाला आम्ही म्हातारपणाचा हट्ट समजलो.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे ते कुणालाही न उठवता एकटे बाहेर गेले. अंथरुणातून झटकन उठून, पायांत चप्पल न घालता, एका हातात काठी आणि दुसऱ्या, दुबळ्या हातात कसाबसा अडकवलेला डबा. ओट्यावर दव होते. ते पडले. कपाळाला खोक पडून चार टाके घालावे लागले. हाड मोडले नाही हे आमचे नशीब. पण तात्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते, म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन करवून घेतला. ही गोष्ट प्रत्येक काळजीवाहकाने ध्यानात ठेवावी. अशी गोळी चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर बाहेरची जखम कितीही किरकोळ दिसो, रुग्ण कितीही “मला काही झालेले नाही” म्हणो, डॉक्टरांना दाखवल्यावाचून राहू नये. आत होणारा रक्तस्राव काही वेळा तासांनी, क्वचित दिवसांनी लक्षात येतो.

दवाखान्यातून परतलो आणि मी निश्चय केला की आता एक तर झाडे राहतील, नाहीतर पाखरे. झाडे तोडण्याची भाषा तात्यांपुढे काढण्याची कुणाची छाती नव्हती. यजमानांनी बाजारातून नायलॉनची जाळी आणून दोन्ही झाडांवर टाकली. पातळ धाग्याची, मोठ्या छिद्रांची, सैल लोंबणारी. तात्या खिडकीतून पाहत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीत एक राघूची मादी अडकलेली सापडली. एक पंख आणि दोन्ही पाय धाग्यात गुंतलेले; धडपडीने धागा आणखी आवळत चाललेला. तिचे ओरडणे ऐकून तात्या काठी टेकत माझ्यामागे आले. मी त्यांना खुर्चीवर बसवले, कात्रीने भोवतालची जाळी कापली आणि पक्षी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिला. डाव्या हाताने त्यांनी तिचे डोके टॉवेलाच्या घडीत अलगद झाकले. अंधार झाला की पक्षी शांत होतो, हे त्यांना ठाऊक होते. मी एकेक धागा कापीत गेले. माझ्या बोटाला तिने कडकडून चावा घेतला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले, “सोडता कशाला? पिंजऱ्यात ठेवा. तात्यांना सोबत होईल.” पुष्कळ घरांतून वृद्धांच्या सोबतीला असा राघू ठेवलेला आपण पाहतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपोपट पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. तात्यांनी कायद्याचे नाव काढले नाही. ते एवढेच म्हणाले, “एका घरात एक अडकलेला पुरे.” त्यांनी टॉवेल उघडला. मादी क्षणभर बसून राहिली आणि मग उडाली.

जाळीच्या दुसऱ्या टोकाला मात्र एक शिंजीर मेलेला होता. अंगठ्याएवढा जीव, ऊन पडले की जांभळा-निळा चमकणारा. शिंजीर फुलांतला मध पितो आणि किडे टिपतो. त्याने आमच्या एकाही पेरूला चोच लावली नसेल. तात्यांनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, “काढा ती जाळी. आज आणि आत्ता.”

त्या संध्याकाळी त्यांनी मला आपल्या लहानपणीची राखण सांगितली. पारनेरच्या त्यांच्या गावी पौषात ज्वारी चिकात आली की चार खांबांवर माळा बांधीत. शाळेत जाण्याआधी आणि शाळा सुटल्यावर पोरांनी तिथे उभे राहून हाळ्या द्यायच्या, गोफण फिरवायची. पाखरांचे थवे कणसांवर उतरत, त्यांत भोरड्याही असत. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि काळ्या पंखांचा हा देखणा पक्षी हिवाळ्यासाठी पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आपल्याकडे येतो. सायंकाळी हजारोंचे थवे आभाळात वळणे घेताना पाहणे हा एक सोहळाच असतो. तात्यांचे वडील त्यांना बजावीत, “दगड पाखरावर टाकायचा नाही, पाखरापलीकडं टाकायचा. मारायचं नाही, उठवायचं.” चार दाणे जाणार हे राखणदाराने धरलेलेच असे, सगळे जाऊ नयेत एवढ्यासाठी राखण होती.

या जुन्या समजुतीमागे मोठे शहाणपण आहे. ज्वारीवर तुटून पडणारी हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे फस्त करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांना आवर घालण्यासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. त्याच चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची मोहीम निघाली होती. चिमण्या कमी झाल्या तशी कीड वाढली आणि शेवटी ती मोहीम आवरती घ्यावी लागली. पाखरू आपले नुकसान करते हे खरे असते. पण ते तेवढेच करते असे नाही.

मोराचेही तसेच. तात्यांचे धाकटे बंधू अजून गावी राहतात. त्यांच्या परसात पहाटे मोर-लांडोर येतात, मेथीचे कोवळे कोंब आणि मिरच्या खातात, वाफे उकरतात. १९६३ सालापासून मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि कायद्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. काका तक्रार करतात, वाफ्यांवर बाभळीच्या काट्या पसरतात आणि पाहुणा आला की त्याला मोर दाखवायला त्याच वाफ्यांपाशी नेतात. तक्रार आणि कौतुक एकाच माणसाच्या तोंडी एकाच सकाळी ऐकायला मिळते. तात्यांचेही याहून वेगळे नव्हते. त्यांना राघू नकोसे झाले नव्हते. राघूंपुढे आपण काहीच करू शकत नाही, हे त्यांना सोसत नव्हते.

वाट दाखवली ती तात्यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. तात्या हाताचे व्यायाम टाळीत. रबरी चेंडू दाबायचा, लाकडी ठोकळे उचलून पलीकडे ठेवायचे. “ही बालवाडी झाली,” म्हणत. ताई म्हणाल्या की पक्षाघातानंतर हात सुधारायला तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ती एखाद्या खऱ्या, हव्याशा कामातून झाली तर माणूस ती न कंटाळता करीत राहतो. त्यांनी विचारले, “तात्या, तुम्हांला हाताने काय करायचे आहे?” तात्या म्हणाले, “पेरू राखायचे आहेत.”

मग आम्ही पिशव्या करायला घेतल्या. आमच्या भागातले बागायतदार फळाला फोमची जाळी आणि त्यावर पिशवी चढवतात, ते पाहिलेले होतेच. आम्ही घरची रीत काढली. तात्यांच्या जुन्या, विरलेल्या धोतरांच्या मी वीतभर पिशव्या शिवल्या आणि त्यांत नाडी ओवण्याचे काम तात्यांकडे दिले. सेफ्टीपिनेला नाडी अडकवायची आणि दुमडीतून ती पुढे सरकवीत न्यायची. पहिल्या दिवशी दोन पिशव्यांना अख्खी सकाळ गेली. पिन घसरे, नाडी आत जाई, तात्या चिडून पिशवी भिरकावीत. मी ती उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवी आणि आत निघून जाई. तिथे थांबून मदत करण्याचा मोह आवरणे मला फार जड गेले. उन्हाळा संपेपर्यंत साठ पिशव्या तयार झाल्या.

गेल्या वर्षी भाद्रपदात पेरू लिंबाएवढे झाले तेव्हा झाडाखाली हाताची खुर्ची मांडली. खालच्या फांद्यांवरील फळे बसल्याजागी हाताला येत. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हाताने पिशवी चढवायची, नाडी ओढून देठाशी गाठ मारायची. देठ तुटू नये एवढी ढिली आणि पिशवी निसटू नये एवढी घट्ट. ही गाठ तात्यांना साधायला आठ दिवस लागले. साधली त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावून घेतले. कार्तिकात त्यांनी शर्टाची वरची गुंडी स्वतः लावली. तो हात पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही. अक्षर अजून वाकडेच येते. पण तो हात कामाला लागला.

साठांपैकी दहा-बारा पिशव्या खारींनी आणि राघूंनी फाडल्या. उरलेली फळे शाबूत हाती आली आणि त्यांत अळी निघाली नाही, कारण पिशवीमुळे फळमाशीला अंडी घालता येत नाहीत. वरच्या फांद्यांना आम्ही हात लावला नाही. त्या राघूंच्या.

ज्यांच्या अंगणात वृद्ध माणूस, फळझाड आणि पाखरे ही तिन्ही आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

जाळी लावायचीच असेल तर ती जाड धाग्याची, पांढरी आणि ताणून बांधलेली असावी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे छिद्र पाच मिलिमीटरहून मोठे असू नये असा नियम आहे. साधी खूण अशी, की छिद्रातून बोट आरपार गेले तर ती जाळी पक्ष्यांच्या आणि सापासरड्यांच्या जिवावर उठणारी समजावी. चमकणाऱ्या फिती, जुन्या सीडी, बुजगावणे यांचा उपयोग होतो, पण पाखरे थोड्याच दिवसांत सरावतात. म्हणून त्यांची जागा वरचेवर बदलावी लागते.

पाखराने टोचलेला पेरू गोड असतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वृद्धांना, मधुमेहींना आणि दुबळ्या प्रकृतीच्या माणसांना तो देऊ नये. चोचीतून आणि विष्ठेतून जंतू फळावर येतात. शिवाय ते फळ दिवसा राघूने टोचले की रात्री वटवाघळाने, हे सांगता येत नाही. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली तेव्हा प्राण्यापक्ष्यांनी चावलेली फळे खाऊ नयेत अशी सूचना दिली गेली होती, ती याचसाठी. खाली पडलेली फळे रोज गोळा करून खड्ड्यात पुरावीत, म्हणजे फळमाशीही वाढत नाही. ओट्यावरची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला मास्क लावावा, मग पुसून घ्यावे, आणि हे काम दमेकरी किंवा वृद्ध व्यक्तीकडे देऊ नये.

पहाटे उठताना एकदम उभे राहू नये. अंथरुणाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, कारण झटकन उठल्याने रक्तदाब उतरून भोवळ येते. चप्पल नेहमी एकाच जागी असावी, दारापासून झाडापर्यंतची वाट सपाट आणि कोरडी असावी, आणि झाडाजवळ हात असलेली खुर्ची असावी. आम्ही ओट्याला लोखंडी कठडा बसवला. तो त्या पडण्याआधी बसवायला हवा होता.

आणखी एक. घरातले वडीलधारे माणूस पाखरांवर, मांजरावर, शेजाऱ्याच्या बकरीवर सतत चिडत असेल, तर “जाऊ द्या हो” म्हणण्यापूर्वी त्याचे नेमके काय चालले आहे ते एकदा नीट विचारावे. आम्ही ते विचारायला एक हिवाळा आणि चार टाके घालवले.

या वर्षी तात्या जरा थकले आहेत. पिशव्या चाळीसच बांधून झाल्या. कुठल्या फांदीपर्यंत आपले आणि कुठून राघूंचे, ते त्यांनी सुतळी बांधून मला दाखवून ठेवले आहे. आता ऊन अंगणात आल्यावर ते खुर्चीत बसतात, डबा मांडीवर असतो. थवा वरच्या फांद्यांवर असतो तोवर ते नुसते पाहत राहतात. एखादा राघू सुतळीच्या खाली उतरला, की दांडकी उजव्या हातात घेऊन डबा वाजवतात. आवाज पूर्वीइतका मोठा येत नाही. राघू मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहतो, आणि दोन फांद्या वर जाऊन बसतो.